आबांचा डोळा आणि उजेडाची दोरी

आमच्या आबांना एकच डोळा होता, पण त्या एका डोळ्याने ते जेवढं सरळ बघायचे तेवढं मुळशी तालुक्यात दोन डोळ्यांचा एकही माणूस बघत नव्हता. हे मी त्यांची लेक म्हणून सांगत नाही, डिप्लोमा झालेली ओव्हरसियर म्हणून सांगतेय. लेक म्हणून सांगायचं तर ते हट्टी होते, तापट होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. हे तिन्ही गुण माझ्यात जसेच्या तसे उतरलेत, असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

आबा गवंडी. धरणाच्या कामावर पाट्या वाहता वाहता त्यांनी थापी हातात घेतली आणि पुढे आमच्या वस्तीतल्या विहाराचा पाया त्यांनीच घातला. त्या विहाराच्या पायरीचा काळा दगड घडवताना छिन्नीखालची कपची उडाली आणि डावा डोळा गेला. मी तेव्हा चार वर्षांची होते. गवंड्याची भिंत सरळ आहे की नाही हे दोरीवर ठरतं. दोरी ताणायची, तिच्या टोकाशी गाल न्यायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसरा दोरीला लावायचा. याला म्हणतात दोरी बघणं. आबा हसून म्हणायचे, "माजा एक कायमचाच मिटल्याला हाय. तेवढंच कष्ट वाचलं." दोरीला डोळा लावला की ते पापणी हलू देत नसत. धूळ येवो, वारा येवो, डोळ्यातून पाणी येवो. पापणी हलली की भिंत हलली, असा त्यांचा हिशोब होता.

ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. ताम्हिणीच्या अलीकडे एका डोंगरातून पाण्याचा बोगदा काढायचं काम चाललं होतं. बोगदा छोटाच, जेमतेम दीडशे मीटरचा, अलीकडच्या ओढ्याचं पाणी पलीकडच्या शेतांना द्यायचं म्हणून. मला नुकतीच तिथे नोकरी लागली होती. सगळ्या कामावर बाईमाणूस मी एकटीच, त्यामुळे साहेब सोडून सगळे मला 'म्याडम' म्हणत. आबा तिथेच बोगद्याच्या तोंडाच्या बांधकामावर गवंडी होते. ते मला म्याडम म्हणत नसत. कामावरही 'पोरी' आणि घरीही 'पोरी'.

एक दिवस साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून लेसर येतोय. उसना. बोगद्याची रेघ आता लेसरने धरायची."

मला काय झालं ते कसं सांगू. कॉलेजच्या पुस्तकात लेसरवर मोजून एक परिच्छेद होता आणि तो परीक्षेला येत नाही म्हणून आमच्या सरांनी शिकवलाच नव्हता. आणि आता तो आमच्या डोंगरात येणार होता, जिथे धड एसटी येत नव्हती. मी साहेबांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "बाई, मीही अजून पाहिलेला नाही." पुढचे आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. घरी मी लेसर, वस्तीत लेसर, नळावर लेसर. आई म्हणाली, "अगं, पावना येतुया का मशीन?"

यंत्र बसवायला बोगद्याच्या तोंडासमोर दगडी खांब हवा होता. तो अर्थात आबांनी बांधला. पाया खणून, घडीव दगडाचा, असा घट्ट की जीप धडकली असती तरी जीपच बिघडली असती.

मग जीप आली. पुढच्या सीटवर प्रयोगशाळेतले सर, किडकिडीत, मितभाषी, आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली लाकडी पेटी. पुण्यापासून ते ती मांडीवरच घेऊन बसले होते. पेटी उघडली. आत हातभर लांबीची पत्र्याची नळी, तिला वायर, वायरला एक खोका. बस्स, एवढंच. ड्रिलवाले एकमेकांकडे बघायला लागले. मला मात्र ती नळी बघूनच धाप लागली होती.

सरांनी मला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगितल्या. एक, हा किरण डोळ्यात जाता कामा नये, सरळ नाही आणि चमकत्या वस्तूवरून उलटूनही नाही. दोन, किरणाच्या वाटेत घड्याळ, स्टीलचा पेला, घासून लख्ख झालेली थापी असलं काही आणायचं नाही. तीन, समोर काम करणाऱ्याने हिरवा चष्मा घालायचा. चष्मे दोनच होते. "हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावणं तुमचं काम," ते म्हणाले. मी जोरजोरात मान हलवली. खरं सांगते, माझं निम्मं लक्ष पेटीकडे होतं.

आधी मी पाटी रंगवली, 'किरणाकडे पाहू नये.' शुद्ध मराठीत, वळणदार. ती लावून मी वळते तोच एक ड्रिलवाला म्हणाला, "म्याडम, ह्यो किरण कोन? त्याच्याकडं का बघायचं न्हाई?" सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मीही आबांची पोर. मी सगळ्यांना गोळा केलं आणि त्यांच्या भाषेत सांगायला लागले.

"ही उजेडाची दोरी हाय," मी म्हटलं. "सुताची दोरी ढिली पडते, भिजते, तुटते. ही कधीच ढिली पडायची नाही. बोगद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळच्या सरळ. फक्त तिच्याकडे बघत बसायचं नाही."

काय सांगू, एका क्षणात सगळ्यांना कळलं. माना डोलल्या. आबांचा चेहरा तर उजळलाच. त्यांच्या आयुष्यातला सगळा त्रास दोरीचाच होता, आणि आता न ढिली पडणारी दोरी आली होती. सरांनी मला विचारलं, "समजलं त्यांना?" मी म्हटलं, "एकदम." मी स्वतःवर इतकी खूश होते की मला कुणी तिथल्या तिथे बक्षीस दिलं असतं तर मी घेतलं असतं.

बोगदा तेव्हा वीसेक मीटर आत गेला होता. आतले दिवे बंद केले. सरांनी खोका चालू केला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग आतल्या दगडावर, अगदी शेवटी, एक लाल ठिपका उमटला. कुंकवाची टिकली लावावी तेवढाच. मग कुणीतरी पाय आपटला, जमिनीवरची दगडाची धूळ वर उठली, आणि त्या धुळीत अख्खी रेघ दिसायला लागली. लाल, बारीक, यंत्रापासून खडकापर्यंत ताणलेली. मग एकदम सगळेच बोलायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. मी टाळ्या वाजवल्या, चक्क टाळ्या, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

"मला बघू द्या," आबा म्हणाले. साहेबांनी मान डोलावली, कारण खांब आबांचा होता. सरांनी हिरवा चष्मा आबांच्या हातात दिला. आबा रेघेच्या कडेकडेने आत गेले. मी खांबाशी यंत्राजवळ उभी होते. सर वायर तपासायला खाली वाकले होते.

आबा खडकाशी पोचले. त्यांनी चष्मा लावला, आणि लावल्याबरोबर गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. चष्म्यातून लाल दिसतच नव्हतं. ते दिसू नये म्हणूनच तर तो चष्मा. त्यांचा आवाज आतून घुमत आला, "चष्म्यानं दोरीच दिसंना की." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ठिपका शोधला. मग वळून आमच्याकडे तोंड केलं, गुडघ्यात वाकले आणि खडकाला पाठ लावून गाल हळूहळू रेघेकडे आणायला लागले.

ते दोरी बघणार होते. गवंडी जशी बघतो तशी. टोकाला डोळा लावून, पापणी न हलवता.

ओरडून समजावायला वेळ नव्हता. सरांनी सांगितलं होतं की नळीला पुढून झाकण आहे, पण ते कुठल्या बाजूला सरकतं ते मला आठवेना. त्या नळीत काय आहे, हाताला काय होईल, काहीही विचार न करता मी तळहात सरळ नळीच्या तोंडावर ठेवला. लाल ठिपका माझ्या तळहातावर आला. भाजलं नाही, काहीच झालं नाही.

आत अंधार झाला.

"कोन मदी आलं?" आबा ओरडले. "हात काढ."

"आबा, आधी मान बाजूला घ्या."

"दोरी बघतुया मी. हात काढ म्हनतो ना."

"नाही काढणार."

बोगद्यात आवाज दुप्पट होतो. वीस-पंचवीस माणसांनी ऐकलं, साहेबांनी ऐकलं, सरांनी ऐकलं. मी जन्मात आबांना 'नाही' म्हटलं नव्हतं, निदान चारचौघांत तरी नाही. ते पुन्हा म्हणाले, हात काढ. मी पुन्हा म्हटलं, नाही. तोवर सर धडपडत उठले आणि त्यांनी झाकण सरकवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आबा बाहेर आले, चष्मा माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडे न बघता, थापी उचलून, घरी निघून गेले. चार वाजले होते. त्यांनी कधी सुट्टीच्या आधी काम सोडलं नव्हतं.

सर मला म्हणाले, "नुसती नजर गेली असती तर पापणीने वाचवलं असतं. पण हे तर टक लावणार होते." मग त्यांनी विचारलं, "त्यांना दुसऱ्या डोळ्याने दिसतं ना?" मी मान हलवून नाही म्हटलं. सर खाली बसले.

मला हेच कळत नव्हतं की माझा हात वेळेत पोचला का. संध्याकाळी घरी आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, "डोळ्यापुढे काही दिसतंय का? डाग? अंधारी?" ते आईला म्हणाले, "तिला सांग, मला भूक न्हाई." मला रडू येत होतं आणि रागही येत होता. एक डोळा दगडाने नेला होता, आणि दुसरा माझ्या लेसरने नेला असता. पुढे त्यांनी काय बघितलं असतं? भिंत नाही, दोरी नाही, आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारच्या उन्हात आबा अंगणात बसलेले असताना मी सरांकडून मागून आणलेलं भिंग घेऊन त्यांच्यासमोर बसले. ते उन्हात धरलं आणि खाली सागाचं वाळलं पान ठेवलं. उजेडाचा ठिपका बारीक होत गेला, धूर आला, आणि पानाला भोक पडलं. आबा बघत होते.

"प्रत्येकाच्या डोळ्यात असंच भिंग असतं, आबा. त्याच्यामागे पडदा असतो. त्या दोरीचा उजेड आधीच बारीक, त्याला तुमच्या डोळ्यातल्या भिंगाने आणखी बारीक केलं असतं."

त्यांनी पान उचललं. भोकावर बोट फिरवून बघितलं. "पडद्याला ठिगळ लागतं का?"

"नाही."

बराच वेळ ते पान फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"तू म्हनलीस, बघत बसू नका. मी बघत न्हवतो बसलो. मी डोळा लावत हुतो. डोळा लावू नका आसं कुटं म्हनलीस? आन् वर म्हनलीस दोरी हाय. गवंड्यापुढं दोरी टाकलीस तर त्यो काय करंल?"

शब्द माझाच होता. त्यांना किरण कळला नसता तर ते लांब राहिले असते. मी त्याची दोरी केली आणि त्यांना टोकाशी बोलावलं. मला माझी इतकी लाज वाटली की आजही हे लिहिताना कान गरम झालेत. बक्षीस म्हणे.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"व्हय, चुकलंच," आबा म्हणाले. एवढंच. पण संध्याकाळी जेवले.

सोमवारी मी कामावर पोचले तर आबा माझ्या आधी तिथे. खांबाचा वरचा दगड उतरवून ठेवला होता आणि ते दोन थर वर चढवत होते. साध्या सुताची दोरी ताणलेली, आणि आबा तिच्या टोकाशी गाल नेऊन, पापणी न हलवता बघत होते. "डावीकडं केसभर," त्यांनी हाताखालच्या माणसाला सांगितलं. केसभर. डोळा शाबूत होता. मी तिथेच खडीच्या ढिगावर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. एका ड्रिलवाल्याने विचारलं, "म्याडम, काय झालं?" मी म्हटलं, "धूळ गेली डोळ्यात."

"मान्साच्या डोक्यावरनं गेली पायजे ही दोरी," आबांनी साहेबांना सांगितलं. "डोळ्याच्या उंचीवर ठिवायचीच कशाला?" सरांनी हे ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. माझ्यासमोर लिहून घेतलं, मी बघितलंय.

मग आबांना थांबवणं कठीण झालं. बोगद्याच्या बाजूला चहाचे पेले ठेवायची फळी होती, ती त्यांनी उचलून लांब नेली. थाप्या आत न्यायला बंदी. घड्याळवाल्या साहेबांनाही बंदी, आणि साहेबांनी मुकाट्याने घड्याळ खिशात टाकलं. माझी पाटी काढून त्यांनी माझ्याकडून दुसरी रंगवून घेतली, 'दोरीला डोळा लावू नये.' त्यानंतर एकानेही किरण कोण ते विचारलं नाही. आणि एक दिवस त्यांनी साहेबांना गाठलं. "सायेब, दगूड फोडायचं चष्मं हायेत म्हनं हापिसातल्या पेटीत. तपासनीला कोन आलं की काढताय ते." साहेब ओशाळले. पेटी उघडली. दगड घडवणाऱ्या सगळ्यांना पांढरे चष्मे मिळाले. आबांनी स्वतःचा लावला आणि म्हणाले, "एका डोळ्याला दोन काचा. चैन हाय."

मग ते दिवस आले ज्यांच्यासाठी मी अजूनही त्या डोंगराची आठवण काढते. रोज सकाळी मी झाकण उघडायची आणि लाल टिकली खडकावर बसायची. ड्रिल चालवण्याआधी आतला माणूस "झाकण" म्हणून ओरडायचा, मी झाकण लावायची, मगच ते पुढे व्हायचे. रोज दगड फुटायचा, रोज टिकली आणखी आत. शंभर मीटर झाले त्या दिवशी मी सगळ्यांना भेळ दिली. सव्वाशे झाले तेव्हा मी ड्रिलवाल्यांना इतकं हैराण केलं की ते म्हणाले, "म्याडम, तुमीच या फोडायला." आबा आता पलीकडच्या बाजूला होते. डोंगराला वळसा घालून जावं लागे. बोगदा जिथून बाहेर पडणार होता तिथलं दगडी तोंड ते बांधत होते. त्यांनी त्या जागी एक खूण करून ठेवली होती, आपल्या सुताच्या दोरीने काढलेली. दोरी त्यांची खरी की माझी, असं आम्ही घरी रोज भांडायचो.

तो दिवस उजाडला. अकराच्या सुमारास ड्रिलचा आवाज बदलला, एकदम पोकळ झाला, आणि आतून आरोळी आली. आरपार गेलं. भोक आरपार गेलं. मी उड्या मारत होते. वर्षभर ज्याची वाट बघितली ते आता होतं, पलीकडचा उजेड अलीकडून दिसणार होता. मी आत पळत सुटणार, एवढ्यात आठवलं. झाकण लावलेलंच होतं, तरी खोका बंद केला, वर वायरही उपटून टाकली. आता त्या नळीत काही म्हणजे काही नव्हतं.

तेवढ्यात आतून तोंडातोंडी निरोप आला. पलीकडून भोकातून आबा बोलले होते, ड्रिलवाल्याने ऐकलं होतं, त्याने पुढच्याला सांगितलं होतं, आणि शेवटचा माणूस बोगद्याच्या तोंडाशी येऊन मला म्हणाला, "म्याडम, गवंडी भोकाला डोळा लावनार हाय. पर त्यो थांबलाय."

"मशीन बंद आहे म्हणावं. वायर काढलीय."

निरोप गेला. परत आला. तो माणूस हसत नव्हता.

"त्यो म्हनतुय, मशीनचं मला सांगू नगा. पोरीचा हात मदी हाय का, तेवढं ईचारा."

माझे पाय आत जायला निघाले होते. सगळे आत पळत होते, साहेबसुद्धा. मी खांबाशी परत आले आणि त्या बंद, थंड नळीच्या तोंडावर तळहात ठेवला. दोन थर वर चढवलेला खांब, म्हणून टाचा उंच कराव्या लागल्या.

"हाय म्हणून सांगा," मी म्हटलं.

निरोप गेला. मला काहीच दिसत नव्हतं, नुसती पाठमोरी माणसं. मग तिकडून, दीडशे मीटरवरून, कुणाकुणाच्या तोंडून माझ्यापर्यंत आबा पोचले.

"गवंडी म्हनतुय, सरळ हाय. केसभर बी फरक न्हाई. आन् आता हात काढ म्हनतुय."

मी हात काढला नाही. सगळे बाहेर येईपर्यंत तसाच ठेवला.